दुकानामागची शाळा

जॉन्स आयलंडवरून रोज सकाळी चार्ल्सटन शहराकडे एक बस निघत असे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्याला बेटांची जी माळ आहे, तिच्यातले हे एक मोठे बेट. बसमध्ये सिगारच्या कारखान्यातल्या कामकरी बायका, बंदरावरचे हमाल, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या मोलकरणी. सगळे कृष्णवर्णीय. बसचा मालक आणि चालक एकच, इसॉ जेन्किन्स. त्याची शाळा चौथीत सुटली होती, शिकायची हौस मात्र सुटली नव्हती. शेतातला भाजीपाला तो शहरातल्या ग्रीक व्यापाऱ्यांना विकायचा. व्यवहारात आपण कमी पडू नये म्हणून हा माणूस चक्क ग्रीक भाषा शिकला.

1954 च्या सुमाराला अ‍ॅलिस वाइन नावाच्या एका बाईने त्याला बसमध्येच गाठले. तिचे म्हणणे साधे होते. मला मत द्यायचे आहे, पण वाचता येत नाही. राज्यघटनेतला उतारा तू मला शिकव, मी नाव नोंदवीन आणि मतही देईन.

मतदार होण्यासाठी राज्यघटनेतला उतारा कशाला लागतो, हे आपल्याला उलगडून सांगावे लागते, हे आपले भाग्य. दक्षिण कॅरोलायनाने 1895 मध्ये नवी राज्यघटना केली. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना मताचा अधिकार मिळाला होता, तो काढून घेण्यासाठीच ती केली होती. वंशावरून मताधिकार नाकारायला देशाच्या घटनेची मनाई, म्हणून आडवाट काढली. ज्याला नाव नोंदवायचे असेल त्याने नोंदणी अधिकारी दाखवील ते राज्यघटनेचे कलम वाचून आणि लिहून दाखवावे; नाहीतर 300 डॉलर किंवा त्याहून जास्त आकारणीच्या मालमत्तेवर कर भरल्याचे सिद्ध करावे. कोणाला कोणते कलम दाखवायचे हे अधिकाऱ्याच्या हातात आणि वाचन बरोबर की चूक हेही त्याच्याच हातात. याच राज्याने 1740 मध्ये गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा ठरवले होते आणि 1834 मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आणली होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यापासून अक्षर लपवले, त्यांच्याकडेच आता अक्षराचा दाखला मागायचा.

ही युक्ती बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याकडे फार लवकर ओळखली होती. सायमन कमिशनच्या निमित्ताने 1929 मध्ये त्यांनी जे स्वतंत्र निवेदन लिहिले, त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी करताना साक्षरतेच्या अटीचा समाचार घेतला आहे. अशी अट घालणारे दोन चुका करतात, असा त्यांचा मुद्दा होता. निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो असे ते धरून चालतात, ही पहिली चूक. आणि अक्षर आले म्हणजे समज वाढली असे मानतात, ही दुसरी. पुढे 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशात साक्षरता जेमतेम 18 टक्क्यांच्या आसपास होती आणि तरीही 17 कोटींहून अधिक लोकांची नावे मतदार यादीत होती. कोकणातल्या एखाद्या आजीने चिन्हे पाहून मतपत्रिका पेटीत टाकली, त्या वर्षी जॉन्स आयलंडवरच्या अ‍ॅलिस वाइनला तो अधिकार नव्हता.

जेन्किन्सने तिची विनंती मनावर घेतली. बसमध्ये वाटेवरच तो कायद्यातले उतारे मोठ्याने वाचून दाखवू लागला, अर्थ समजावू लागला. बाई ऐकत गेल्या. ऐकता ऐकता त्यांना सगळा उतारा तोंडपाठ झाला आणि पाठांतराच्या जोरावर त्यांनी नोंदणी मिळवलीसुद्धा. बाबासाहेबांच्या पहिल्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मी तरी पाहिलेला नाही. पण अ‍ॅलिसबाईंचे समाधान झाले नाही. त्यांना खरोखरचे वाचायला शिकायचे होते. बस चालवता चालवता ते शिकवणे शक्य नव्हते. शाळा हवी होती.

इथे सेप्टिमा क्लार्क यांची गोष्ट सांगायला हवी आणि ती घाईने सांगता येत नाही. 1898 मध्ये चार्ल्सटनला त्यांचा जन्म. वडील जन्माने गुलाम, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी. क्लार्कबाई शिकून शिक्षिका झाल्या, पण त्या काळी चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरीच देत नसत, मग शाळा कृष्णवर्णीय मुलांसाठी का असेना. म्हणून 1916 मध्ये, अठराव्या वर्षी, त्या होडीतून जॉन्स आयलंडवर गेल्या. तिथे 132 मुले आणि दोन शिक्षिका. बाईंचा पगार 35 डॉलर, दुसरीचा 25. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्यांची शाळा होती. तिथे तीन विद्यार्थी आणि त्यांना शिकवणाऱ्या बाईंना 85 डॉलर. दिवसभर मुलांना शिकवून रात्री त्या बेटावरच्या मोठ्या माणसांना अक्षरे गिरवायला लावत. पुढे चाळीस वर्षांनी जे उभे राहिले त्याचे बी याच रात्रींमध्ये पडले, असे मला वाटते.

पुढची चार दशके त्या शिकवत राहिल्या आणि भांडतही राहिल्या. चार्ल्सटनच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घ्यावेत म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा करणाऱ्यांत त्या होत्या. 1920 मध्ये ती मागणी मान्य झाली. समान पगाराच्या खटल्यात त्या होत्या. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या त्या जुन्या सभासद. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णाची फाळणी बेकायदा ठरवली आणि दक्षिणेतली राज्ये चवताळली. 1956 मध्ये दक्षिण कॅरोलायनाने कायदा केला, की सरकारी नोकराला या संघटनेचे सभासद राहता येणार नाही. कित्येक शिक्षकांनी सभासदत्व लपवले. क्लार्कबाईंनी लपवले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. वय 58.

त्यांना जागा दिली टेनेसी राज्यातल्या मॉंटईगल इथल्या हायलँडर फोक स्कूलने. माइल्स हॉर्टन या गोऱ्या तरुणाने डॉन वेस्ट यांच्यासोबत 1932 मध्ये ती डोंगरावर सुरू केली होती. त्याआधी हॉर्टन डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहून आला होता. शेतकऱ्यांच्या पोरांनी एकत्र राहायचे, गायचे, देशाच्या कारभारावर बोलायचे, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, अशा त्या शाळा. हायलँडरमध्ये काळे-गोरे एका टेबलाशी जेवत, एका छताखाली झोपत. टेनेसीच्या कायद्याला ते मंजूर नव्हते. नोकरी जाण्याआधीच, 1955 च्या उन्हाळ्यात क्लार्कबाईंनी इथे घेतलेल्या एका शिबिरात माँटगमेरी गावची एक अबोल शिवणकाम करणारी बाई येऊन गेली, रोझा पार्क्स. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

जेन्किन्सही क्लार्कबाईंच्या बरोबर हायलँडरला गेला होता. परत गेल्यावर तुम्ही काय करणार, असे तिथे प्रत्येकाला विचारत. माझ्या लोकांना मतदार होण्यासाठी शाळा हवी, असे त्याने सांगितले.

आता शाळा काढायची तर कशी? बेटावर याआधीही प्रौढ साक्षरतेचे सरकारी वर्ग झाले होते आणि ओस पडले होते. हॉर्टनने बेटावर मुक्काम करून त्याचे कारण शोधले. नांगर धरणारी, जाळी ओढणारी थोराड माणसे लहान मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसवली जात. पोरे हसत. शिकवणारे त्यांच्याशी पोरांशी बोलावे तसे बोलत. माणसे एकदा येत, दुसऱ्यांदा येत नसत. यावरून त्यांनी ठरवले, की इथे पेशाने शिक्षक असलेला माणूस नको. आणि गोरा तर नकोच, कारण गोऱ्यासमोर बेटावरची माणसे मोकळेपणी बोलणार नाहीत.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे होते आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. कृष्णवर्णीय शिक्षकाचा पगार गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाच्या हातात होता. क्लार्कबाईंचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते. ज्याची भाकरी मंडळाच्या हातात, तो हे काम करू शकणार नव्हता. म्हणून निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची. क्लार्कबाईंच्या नात्यातल्या, चार्ल्सटनमध्ये केशभूषेचे दुकान चालवणाऱ्या. त्यांची सगळी गिऱ्हाइके कृष्णवर्णीय बायका. कोणताही गोरा त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. काही वर्षे न्यूयॉर्कला राहून आल्या होत्या, तिथे सहज मत देता येते हे त्यांनी अनुभवले होते. शिकवण्याचा अनुभव शून्य. त्यांनी आधी नकारच दिला. मग तयार झाल्या.

बेटावरच्या लोकांनी 1948 मध्ये प्रोग्रेसिव्ह क्लब नावाची एक सहकारी संस्था काढली होती. तिने हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी पडकी इमारत विकत घेतली. पुढच्या भागात किराणा दुकान थाटले आणि मागे खोल्या काढल्या. मागच्या भिंतीला खिडकी ठेवली नाही. बाहेरच्याला दिसावे ते साबण, पीठ आणि रॉकेल. आत काय चालले आहे ते दिसू नये.

7 जानेवारी 1957 च्या रात्री तिथे पहिला वर्ग भरला. थंडीचे दिवस मुद्दाम निवडले होते, तेव्हा शेतात काम नसते. चौदा जण आले. रॉबिन्सनबाईंनी ओळखीच्या शिक्षकांकडून पहिलीच्या मुलांची पुस्तके मागून आणली होती. समोर बसलेल्या चेहऱ्यांकडे पाहिल्यावर त्यांना कळून चुकले, की ही पुस्तके या माणसांचा अपमान आहे. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि सांगितले, की मी शिक्षिका नाही. आपण मिळून शिकू, काही मी तुम्हाला सांगेन, काही तुम्ही मला सांगा. मग विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे?

उत्तरे आली. स्वतःचे नाव लिहायचे आहे. बायबल वाचायचे आहे. मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे, म्हणजे शेजाऱ्याला आपले पैशाचे व्यवहार कळणार नाहीत. टपालाने वस्तू मागवायचा फॉर्म भरायचा आहे. आणि मत द्यायचे आहे. रॉबिन्सनबाईंनी हाच अभ्यासक्रम ठरवला. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरात लिहून दिले. त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, हाताला वळण कळेपर्यंत. कुदळ-फावड्याची सवय असलेल्या मुठीत पेन्सिली मोडत. त्या मोडू दिल्या, नव्या दिल्या. हिशेब शिकवला तो बियाणे, खत आणि किराणा यांचा. कायद्यातला एखादा अवघड शब्द फळ्यावर लिहायचा, त्याचे तुकडे पाडायचे, त्याच्यावर बोलायचे. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता यावा, अशी बाईंची इच्छा होती.

त्या वर्गात पासष्टीची एक म्हातारी होती. एक दिवस फळ्यावर सगळ्यांची नावे लिहिली आणि आपले नाव कुठे आहे ते ओळखायला सांगितले. म्हातारी उठली, बाईंच्या हातातली पट्टी घेतली आणि आपल्या नावावर टेकवली. मग आडनावावर. पासष्ट वर्षे ज्या नावाने तिला हाक मारली गेली ते तिने त्या रात्री पहिल्यांदा पाहिले. रॉबिन्सनबाई हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत.

त्या हिवाळ्यानंतर वर्गातली माणसे नोंदणी कार्यालयात गेली आणि मतदार होऊन परतली. शेजारच्या बेटांवरून मागणी आली. वॉडमालॉवर वर्ग निघाला, एडिस्टोवर निघाला, नॉर्थ चार्ल्सटनमध्ये एका केशभूषेच्या दुकानातही निघाला. या वर्गांना ‘नागरिकत्व शाळा’ हे नाव पडले. मतदान हे त्यातले एकच काम होते. रस्त्याची दुरुस्ती कोणाकडे मागायची, शाळेच्या पैशाचा हिशेब कोण ठेवतो, शेरीफ कसा निवडला जातो, हेही तिथे बोलले जाई.

टेनेसी सरकारला हायलँडर सलत होतेच. 31 जुलै 1959 च्या रात्री पोलिसांनी धाड घातली. हॉर्टन परदेशी होते. बेकायदा दारू बाळगल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी अटक केली कोणाला, तर दारूला कधी न शिवलेल्या क्लार्कबाईंना. दिवे घालवून पोलीस खोल्या धुंडाळत होते, तेव्हा अंधारात बसलेली शिबिरातली मुले ‘वी शॅल ओव्हरकम’ गाऊ लागली. आम्हाला भय नाही अशा अर्थाचे कडवे त्याच अंधारात जोडले गेले, अशी तिथे असलेल्यांची आठवण आहे. हेच गाणे हिंदीत ‘हम होंगे कामयाब’ होऊन आपल्या शाळा-शाळांत पोचले. प्रार्थनेच्या तासाला ते आपण सगळ्यांनी म्हटले आहे. भय नसल्याचे कडवेही म्हटले आहे.

1961 मध्ये न्यायालयाने हायलँडरची सनद रद्द केली, जागा लिलावात गेली. त्याच वर्षी हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने आपल्याकडे घेतले. जॉर्जियातल्या मॅकिंटॉश गावी डॉर्चेस्टर केंद्रात पाच-पाच दिवसांची शिबिरे सुरू झाली. क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग या तिघांनी ती चालवली. दक्षिणेच्या गावागावांतून बस भरून माणसे येत: शेतकरी, सुईणी, केस कापणारे, दुकानदार. नागरिक म्हणजे कोण, या प्रश्नावर चर्चा होई. पाच दिवसांनी ती माणसे आपापल्या गावी जाऊन स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली वर्ग भरवत. 1957 ते 1970 या काळात असे 897 वर्ग चालले, असा हिशेब क्लार्कबाईंनी नंतर दिला.

संघटनेत त्यांची कदर तेवढी झाली नाही, हेही नोंदवले पाहिजे. बैठकांमध्ये पुरुष बोलत, बायकांनी काही मांडले तर ते हवेत विरे. किंग यांच्याबद्दल नितांत आदर असलेल्या क्लार्कबाईंनी त्यांना पत्र लिहून कळवले, की प्रत्येक मोर्चा तुम्हीच काढायला नको, गावोगावची माणसे पुढारी म्हणून तयार होऊ द्या. ते पत्र बैठकीत वाचले गेले आणि मंडळी हसली. माझ्या मते त्या बरोबर होत्या. मोर्चे वर्तमानपत्रांनी पाहिले. मोर्चात चालायला जी माणसे तयार झाली, ती कुठे तयार झाली ते फारसे कोणी पाहिले नाही.

त्यातली एक फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतमजुराचे विसावे मूल, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. कृष्णवर्णीयांना मत देता येते हेच तिला वयाच्या 44 व्या वर्षी कळले. 31 ऑगस्ट 1962 रोजी ती आणखी सतरा जणांबरोबर इंडियानोला गावी नोंदणीला गेली. मिसिसिपीच्या राज्यघटनेत 285 कलमे. त्यातले कोणतेही काढून अर्थ विचारत. तिला आला तो प्रश्न भल्याभल्या वकिलांना विचार करायला लावणारा. ती नापास झाली. मळ्याच्या मालकाने त्याच संध्याकाळी बजावले, अर्ज मागे घे नाहीतर जागा सोड. अठरा वर्षे राबलेला मळा तिने त्या रात्री सोडला. अभ्यास केला, पुन्हा गेली आणि जानेवारी 1963 मध्ये पास झाली. त्या जूनमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या नागरिकत्व शाळेच्या शिबिरातून परतताना तिला आणि तिच्या सोबत्यांना विनोना गावी पकडले आणि तुरुंगात अमानुष मारले. त्या माराने तिचे मूत्रपिंड कायमचे दुखावले. पुढच्या वर्षी अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने ही हकिगत कॅमेऱ्यांसमोर सांगितली. तिच्यावरचे लक्ष हटावे म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावले. पण संध्याकाळच्या बातम्यांत तिची साक्ष देशभर दाखवली गेली.

6 ऑगस्ट 1965 रोजी मताधिकाराचा कायदा झाला आणि दक्षिणेतल्या बहुतेक भागात वाचनपरीक्षा बंद पडल्या. 1975 मध्ये त्या देशभरातून कायमच्या गेल्या. मिसिसिपीत कायद्याआधी 100 पात्र कृष्णवर्णीयांमागे सात जणांचीही नावे यादीत नव्हती. दोन वर्षांत ती जवळपास 60 झाली. कायद्याने दार उघडले, हे खरे. पण इतक्या थोड्या वेळात इतकी माणसे दारातून आत शिरली, कारण दारापर्यंत त्यांना आणून सोडणारे आधीपासून गावात होते. कायद्याच्या त्या उन्हाळ्यात क्लार्कबाई अलाबामातल्या सेल्मा इथे होत्या. तिथे सहीपुरते अक्षर आले तरी काम भागणार होते, तर त्यांनी लोकांना सही शिकवली. सही शिकवायला वीस मिनिटे पुरतात, असे त्या सांगत.

जेन्किन्स 1972 मध्ये गेले. क्लार्कबाई निवृत्त होऊन चार्ल्सटनला परतल्या होत्या. 1975 मध्ये तिथल्या काउंटीच्या शिक्षण मंडळाची निवडणूक लागली. त्या उभ्या राहिल्या, वयाच्या 77 व्या वर्षी, आणि निवडून आल्या. 1976 मध्ये राज्य सरकारने मान्य केले, की वीस वर्षांपूर्वी या बाईंना काढले ते अन्यायाने, आणि त्यांची पेन्शन सुरू केली.